नर्मदा, बेतवा, विंध्यगिरी

धार जिल्ह्यातलं धरमपुरी आणि देवास जिल्ह्यातलं नेमावर, दोन्ही गावं नर्मदेच्या काठी, समुद्रापासून लांब. तरी आपल्या नौदलाने संरक्षक युद्धनौकांची वर्गवारी कशी केली, हे या मुलखाच्या नद्या-डोंगरांच्या नावांवरून उलगडत जातं. ‘नर्बदा’ १९४३ साली सेवेत आली ती स्लूप म्हणून. चार इंची सहा तोफा, आणि काम व्यापारी जहाजांचा तांडा सांभाळण्याचं. युद्ध संपलं, स्लूप हा शब्दच मोडीत निघाला आणि या जातीच्या नौका फ्रिगेट ठरल्या. कडेवर रंगवलेलं ‘यू’ अक्षर पुसून ‘एफ’ आलं. त्यासाठी एक खिळाही बदलावा लागला नाही. माझ्या मते वर्ग नौकेच्या आकारावरून ठरत नाही, तो ठरतो कुठल्या शत्रूची धास्ती आहे त्यावरून.

१९५० नंतरची खरेदी हेच सांगते. पाणबुड्या वेगवान झाल्या, विमानंही. दोन्हींना पुरेल अशी नौका परवडेना. म्हणून ब्रिटनने कामं वाटली आणि आपण तशाच नौका घेतल्या. १९६० ची ‘बेतवा’ विमानविरोधी, ‘खुकरी’ पाणबुडीविरोधी. नावंही तशीच पडली: विमानविरोधी नौकांना नद्यांची, पाणबुडीविरोधींना शस्त्रांची. यावर कोणी म्हणेल, ही वाटणी कागदावरचीच. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ पाणबुडीनेच ‘खुकरी’ बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. हा आक्षेप जिव्हारी लागणारा आहे. पण वर्ग म्हणजे सामर्थ्याची हमी नव्हे. अपुऱ्या जागेत आधी काय बसवायचं, याचा तो निर्णय असतो. ‘खुकरी’वर पाणबुडीविरोधी उखळी तोफांना जागा मिळाली, मोठ्या तोफेला मिळाली नाही.

मग माझगाव गोदीत बांधलेली, १९८१ साली दाखल झालेली ‘विंध्यगिरी’ सर्वकामी होती, म्हणजे वर्गवारी संपली का? तिचं धड ‘तलवार’ या आधीच्या पाणबुडीविरोधी नौकेच्याच घराण्यातलं, त्यावर तोफा, क्षेपणास्त्रं, हेलिकॉप्टर असं सगळं आलं. तरीही तिच्या मालिकेतल्या शेवटच्या दोघींवर, ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’वर, पाणबुड्या शोधणारं अवजड सी किंग हेलिकॉप्टर ठेवायचं ठरलं, आणि त्याच्यासाठी मागचा डेक नव्याने आखावा लागला.