सातारा व सांगली परिसरातील ग्रह-उपग्रह निरीक्षण

पश्चिम महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांतून बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी हे पाच ग्रह नुसत्या डोळ्यांनी दिसतात. गुरूचे चार मोठे उपग्रह व शनीचा टायटन पाहण्यासाठी मात्र द्विनेत्री किंवा दुर्बीण लागते.

भौगोलिक स्थिती

सातारा शहर सुमारे १७.७° आणि सांगली सुमारे १६.९° उत्तर अक्षांशावर आहे. ग्रह क्रांतिवृत्ताच्या आसपासच दिसत असल्याने येथे ते आकाशात उंच येतात. वृषभ किंवा मिथुन तारकासमूहातील ग्रह मध्यमंडल ओलांडताना जवळजवळ डोक्यावर असतो. धनू तारकासमूहातील ग्रहही सुमारे ४९° उंची गाठतो. लंडनमध्ये हीच उंची सुमारे १५° असते. उंचावरील ग्रहाचा प्रकाश वातावरणाच्या कमी जाडीतून येत असल्याने त्याची प्रतिमा अधिक स्थिर दिसते. दोन्ही शहरे भारतीय प्रमाणवेळेच्या ८२.५° पूर्व रेखावृत्ताच्या पश्चिमेस आहेत. त्यामुळे प्रतियुतीतील ग्रह मध्यरात्री बाराऐवजी साधारणतः साडेबाराच्या सुमारास सर्वाधिक उंचीवर येतो.

हवामान

जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे निरीक्षण क्वचितच शक्य होते. नोव्हेंबर ते मार्च हा काळ सर्वांत सोयीचा असतो. माण, खटाव, आटपाडी व जत हे तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाणीटंचाईस कारण ठरणारी ही स्थिती निरभ्र रात्रींसाठी मात्र अनुकूल आहे. ग्रह तेजस्वी असल्याने शहरातील दिव्यांच्या प्रकाशातही ते पाहता येतात.

उपग्रह

आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो हे गुरूचे उपग्रह गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले. सर्व खगोल पृथ्वीभोवतीच फिरतात, या समजुतीला त्यामुळे धक्का बसला. तिपाईवर बसवलेल्या १०×५० द्विनेत्रीतून ते गुरूच्या दोन्ही बाजूंस एका रेषेत ठिपक्यांसारखे दिसतात. त्यांचे प्रदक्षिणाकाळ अनुक्रमे सुमारे १.८, ३.६, ७.२ आणि १६.७ दिवस आहेत. रोज एकाच वेळी आकृती काढल्यास विद्यार्थ्यांना आठवडाभरात त्यांची गती लक्षात येते. आयोच्या ग्रहणांच्या वेळांतील फरकावरून ओले रोमर याने १६७६ मध्ये प्रकाशाला मर्यादित वेग असल्याचे दाखवले.

टायटन ६० ते ८० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून दिसू शकतो. मंगळाचे फोबोस व डिमोस हे उपग्रह लहान दुर्बिणींच्या आवाक्याबाहेर आहेत. बुध व शुक्र यांना उपग्रह नाहीत; शुक्राच्या कला मात्र दुर्बिणीतून दिसतात.

गुरू-शनी युती

२१ डिसेंबर २०२० रोजी गुरू व शनी यांच्यातील कोनीय अंतर सुमारे ०.१° इतके कमी होते. सूर्यास्तानंतर नैर्ऋत्य आकाशात हे दोन्ही ग्रह, त्यांच्या प्रमुख उपग्रहांसह, दुर्बिणीच्या एकाच दृष्टिक्षेत्रात दिसू शकत होते. इतकी निकटची युती यापूर्वी १६२३ मध्ये झाली होती.