हुडकेश्वरचे नऊ आकडे

हुडकेश्वरमधल्या माझ्या खोलीत जुनी मराठी संकेतस्थळे नव्या साठ्यात हलवण्याचे काम चालते. त्यांच्या काही एक्सएमएल फायलींत मजकूर अक्षरांत नसतो, आकड्यांत असतो. ‘ह’ म्हणजे २३६१, त्याचा उकार २३६९, ‘ड’ २३३७. ‘श्व’मधले हलन्त धरून ‘हुडकेश्वर’ला असे नऊ संकेत लागतात, प्रत्येकाच्या आधी अँपरसँड आणि हॅश, शेवटी अर्धविराम. देवनागरी न समजणाऱ्या यंत्रांतूनही मजकूर असा शाबूत पोचतो. या युक्तीबद्दल मला मनापासून आदर आहे.

आकड्याऐवजी नाव लिहून मजकूर बोलावता येतो, त्याला एंटिटी म्हणतात. ही कल्पना १९८६च्या एसजीएमएल मानकातली. फेब्रुवारी १९९८मध्ये एक्सएमएल १.० आले, तेव्हा तयार नावे पाचच ठेवली: अँपरसँड, दोन कोनी कंस आणि दोन अवतरणचिन्हे. वेबपानांतले ‘एनबीएसपी’, म्हणजे न तुटणाऱ्या मोकळ्या जागेचे नाव, त्यांत नाही, त्यामुळे ते घोषित न करता वापरले की पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्राम, तिथेच थांबतो. हा कडकपणा योग्यच.

खरा धोका आपण घोषित करू शकतो त्या एंटिटींत निघाला. एकीत दुसरी दहा वेळा, तिच्यात तिसरी दहा वेळा, असे थर रचले की किलोबाइटभराची फाइल उलगडताना सुमारे तीन गिगाबाइट मेमरी खाते. हाच ‘बिलियन लाफ्स’ हल्ला. फाइलीबाहेरून मजकूर आणणारी बाह्य एंटिटी तर सर्व्हरवरची खाजगी फाइलही वाचून आणू शकते. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प संस्थेच्या धोक्यांच्या २०१७च्या यादीत बाह्य एंटिटींचा धोका चौथा होता.

म्हणून परक्याची फाइल वाचताना डीटीडी, म्हणजे एंटिटी घोषित करण्याचा भाग, आणि बाह्य एंटिटी बंदच ठेवा. आकडी संकेतांना डीटीडी लागत नाही. मराठी मजकूर तसाच उलगडतो.