रोझेलच्या मावशीला पत्र

साल १८८०. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या बाकावर तू नंबराची वाट बघत आहेस. शेजारच्या बाई वेळ घालवायला एक मासिक उचलतात. ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाचं, गेल्या वर्षीचं. दोन-चार पानं चाळतात आणि एका पानावर थांबतात.

वाकून बघ. तुला येतं तेवढं इंग्रजी पुरेल. पानावर हिंदुस्थानातून आलेलं एक पत्र छापलंय. लिहिणारे गोपाळराव जोशी, टपाल खात्यातले कारकून. बायकोला शिकवायचंय, अमेरिकेत यायचंय, काही मदत होईल का, असं ते विचारतायत. संपादकांनी उत्तरही तिथंच छापलंय: आधी ख्रिस्ती व्हा. विषय तिथं संपला.

आता त्या बाईंना आत बोलावतील आणि मासिक परत चळतीवर जाईल. आपणही असंच करतो. कुणाची तरी अडचण वाचतो, ‘अरेरे’ म्हणतो, पान उलटतो. या बाईंनी तसं केलं नाही. थिओडिसिया कार्पेंटर त्यांचं नाव, राहणार रोझेल. घरी जाऊन त्यांनी कागद पुढ्यात ओढला आणि हजारो मैलांवरच्या एका अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं.

ते पत्र समुद्रावर आहे तोवर आपण थोडे मागं जाऊ. मुंबई. सकाळची वेळ. तुझ्यापुढं एक मुलगी चाललीय, हातात पुस्तकं, पायांत बूट आणि मोजे. ही आनंदी. माहेरची यमुना, जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणच्या जोशांची. नवव्या वर्षी लग्न झालं तेव्हा गोपाळराव तिच्याहून कितीतरी मोठे, बिजवर. हिला शिकवणार, ही त्यांची अट होती. चौदाव्या वर्षी बाळंतपण झालं. मुलगा दहा दिवसांत गेला. वेळेवर नीट उपचार मिळाले असते तर, हा विचार तिच्या मनातून पुढं कधी गेला नाही.

चल, तिच्या मागोमाग चालत राहा. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडतायत. बघायला माणसं डोकी बाहेर काढतायत. एक गाडी मुद्दाम थांबते. रस्त्यावरचे लोक तिला ऐकू जाईल अशा बेतानं हसतायत: ही कोण बाई बूट-मोजे घालून शाळेला निघालीय? तिचं वय तुझ्याच आसपास आहे. ती मागं वळून बघत नाही. उद्याही याच रस्त्यानं जायचंय, परवाही. लोकांना कंटाळा येईपर्यंत रोज त्याच वाटेनं जायचं, याला धैर्य म्हणतात हे आपल्याला कुणी फारसं सांगत नाही. रणांगणातल्या गोष्टी सांगतात. मला हे जास्त मोठं वाटतं.

आणि घरी? घरी अभ्यास घेणारे गोपाळराव. त्यांच्याबद्दल खरं सांगायलाच हवं. ते नसते तर आनंदी शिकली नसती. त्या काळात नवरा-बायकोनं चारचौघांत बोलणंही बेअदबी होती, आणि हा माणूस बायकोच्या शिक्षणासाठी सगळ्यांची बोलणी खात होता. पण त्यांची शिकवण्याची तऱ्हा भयंकर होती. दहा वर्षांच्या मुलीला त्यांनी लाकडाच्या तुकड्यांनी मारलं, पुढं खुर्च्या आणि पुस्तकं फेकून मारली, सोडून जाण्याची धमकी दिली. हे मी कुणाकडून ऐकलेलं सांगत नाही. मोठी झाल्यावर तिनं स्वतः अमेरिकेतून त्यांना पत्रात लिहिलंय. अशा माराचं कौतुक करणारे लोक आजही भेटतात. ‘म्हणूनच ती घडली’ म्हणतात. मला ते मुळीच पटत नाही. ती कशानं घडली ते बघायला आता भूजला चल.

कच्छमधलं भूज. गोपाळरावांची बदली इथं झालीय. रेल्वे अजून इथवर आलेली नाही. टपालाची पिशवी रिकामी होते आणि तिच्यातून परदेशी तिकिटाचं एक पाकीट निघतं. तूच ते घेऊन त्यांच्या दारात जा. आनंदी पंधरा वर्षांची आहे. ती पाकीट हातात घेते, उलटंपालटं करते. आजवर तिच्याकडं इंग्रजी आलं ते धड्यातून, नाहीतर धाकातून. हे इंग्रजी तिच्या नावानं आलंय. कुणीतरी तिची विचारपूस करतंय आणि उत्तराची वाट बघणार आहे.

तिच्या शेजारी बस. दौत उघडी आहे, टाक बुडवून ती क्षणभर थांबलीय. अमेरिकेतल्या बाईंना आपल्याकडचं काय काय सांगायचं? सणवार, व्रतवैकल्यं सांगायची. मुलींची लग्नं इतक्या लहानपणी का होतात ते सांगायचं. बायका आपली दुखणी पुरुष डॉक्टरला का सांगत नाहीत, आणि न सांगताच कशा मरतात, तेही सांगायचं. यातलं काहीच क्रमिक पुस्तकात नाही. तिथं तयार वाक्य मिळत नाही, ते स्वतःच जुळवावं लागतं. जुळलेलं वाक्य पुन्हा वाचायचं. परक्या माणसाला कळेल का, असा विचार करायचा. नाही कळलं तर खोडायचं, वेगळ्या अंगानं सांगायचं. एखादा शब्द डोळ्यांसमोर येतो पण त्याचं स्पेलिंग अडतं. मग कोश. मग परत कागद. दिव्यातलं तेल खाली जातं. शाई वाळायची वाट बघून ती पान उलटते आणि पुढं लिहू लागते.

तुला इंग्रजीचा निबंध लिहिताना दहा ओळी कशाबशा होतात ना? त्यात तुझी फारशी चूक नाही. ‘माझी सहल’ वाचायला दुसऱ्या टोकाला कुणी आतुर नसतं. आनंदीच्या टोकाला कार्पेंटरबाई होत्या. पत्र जायला कित्येक आठवडे, उत्तर यायला तितकेच, आणि तरी उत्तर यायचंच. रोझेलच्या घरातली हकिकत यायची, मासिकं यायची. आनंदी त्यांना मावशी म्हणू लागली. बदली कलकत्त्याला झाली, पत्रं तिकडं येऊ लागली. तिथं आनंदीची तब्येत ढासळली. सतत डोकं दुखायचं, अधूनमधून ताप, अशक्तपणा, मधूनच धाप. मावशीनं अमेरिकेतून औषधं पाठवली. त्यांचा गुण आला नाही. पण ज्या बाईनं कधी तोंडही पाहिलं नव्हतं तिनं औषधाची पुडकी बांधून सातासमुद्रापार धाडली. एवढी माया पाठीशी असली की माणूस परक्या भाषेतही मोकळं बोलायला लागतं.

किती मोकळं, ते ऐकायचं असेल तर श्रीरामपूरला ये. नगर जिल्ह्यातलं नव्हे, हे बंगालमधलं, हुगळीच्या काठावरचं. २४ फेब्रुवारी १८८३. कॉलेजचं सभागृह भरलंय. मागच्या भिंतीला टेकून उभं राहा, पुढं जागा मिळणार नाही. आनंदी बोलायला उभी राहते. अठरावं वर्ष अजून पुरं व्हायचंय. मी अमेरिकेला का जाते, हा विषय, आणि भाषण इंग्रजीत. लोक जे जे प्रश्न पाठीमागं कुजबुजत होते ते तिनं स्वतःच क्रमानं मांडलेत. इथंच का शिकत नाही? एकटी का जाते? परतल्यावर जातीबाहेर टाकलं तर? एकेक प्रश्न घेते, उत्तर देते, पुढं जाते. मुंबईच्या रस्त्यावरचं ते हसणंही सांगते, चिडून नव्हे, सरळ. या देशात बायकांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात म्हणून मी जाते, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन आपल्या माणसांत राहीन, असं ठणकावते. सभागृहातल्या कितीजणांना ते आवडलं कुणास ठाऊक. ऐकावं मात्र सगळ्यांना लागलं.

७ एप्रिलला ती कलकत्त्याहून निघाली. गोपाळराव मागं राहिले. जहाजावरचे जवळजवळ दोन महिने मी तुला दाखवत नाही. ती शाकाहारी, प्रकृतीनं नाजूक आणि आपल्या माणसांपासून दूर. एवढ्यावरून ओळखायचं ते ओळख.

४ जून १८८३, न्यूयॉर्कचा धक्का. गर्दीत कार्पेंटरबाई उभ्या आहेत. दोघींनी एकमेकींना शेकडो ओळी लिहिल्यात, आवाज कधी ऐकलेला नाही. तू थोडं बाजूला हो. पहिलं वाक्य त्यांचं त्यांना बोलू दे.

तो उन्हाळा ती रोझेलला मावशीच्या घरी राहिली. कॉलेजात प्रवेशासाठीचं पत्र तिनं स्वतः लिहिलं. माझं शिक्षण तुमच्या अटींत बसत नसेल, पण जातीगोतीचा आणि मित्रांचा विरोध पत्करून मी इतक्या लांब आले आहे ते विचारात घ्या, असा त्याचा सूर. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजनं तिला घेतलं आणि शिष्यवृत्तीही दिली. तिथल्या डीन रेचल बॉडली. आनंदीला मिळालेल्या खोलीतली शेगडी धूर ओकायची, ती आजारी पडू लागली, तेव्हा बॉडलीबाईंनी तिला आपल्या घरी राहायला नेलं.

या कॉलेजातला एक फोटो आहे, तारीख १० ऑक्टोबर १८८५. तो निघतोय त्या खोलीत क्षणभर डोकाव. तीन तरुणी शेजारी शेजारी. साडी नेसलेली आनंदी, किमोनोतली जपानची केई ओकामी आणि सीरियाहून आलेली साबात इस्लामबुली. तिघींची मातृभाषा वेगळी, तिघी शरीरशास्त्र शिकतायत इंग्रजीतून. डोळे मिटणार नाहीत, आपण हलणार नाही, याची काळजी तिघी सारखीच घेतायत. एकमेकींशी त्या बोलत असतील तेही इंग्रजीच, तिघींचे उच्चार तीन तऱ्हांचे.

११ मार्च १८८६ ला आनंदी डॉक्टर झाली. तिचा प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. त्यात आयुर्वेदाच्या ग्रंथांचे आधार आहेत आणि अमेरिकन वैद्यकाच्या पुस्तकांचेही. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाई होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारीही तिच्या नावानं ठरली.

ती जागा तिला सांभाळता आली नाही. ती मायदेशी परतली तोवर क्षय बळावला होता. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत. तिथं एकही रोगी तिला तपासता आला नाही, हे वाचताना आजही चटका बसतो. तिची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडं पाठवली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती ठेवली गेली.

आता तू परत तुझ्या टेबलाशी आहेस. आनंदी गेल्यावर दुसऱ्याच वर्षी, १८८८ मध्ये, कॅरोलाइन डॉल यांनी बोस्टनला आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र छापलं. त्यात तिची पत्रं आहेत, आणि ते पुस्तक आज कुणालाही फुकट वाचता येतं. रोज एक पान वाच. अडलेले शब्द वहीत उतरव. मग ज्याला तुझं खरंच ऐकायचंय अशा कुणाला तरी इंग्रजीत चार ओळी लिही, चुकांसकट. आणि वर्गात दुसरं कुणी अडखळत इंग्रजी बोललं, तर त्याचं वाक्य पुरं होऊ दे आणि त्याला उत्तर दे.