दिव्याखालचा अंधार : प्रकाश उचलून धरणाऱ्या स्टँडचा इतिहास

#थ्रेड

१/१८
छायाचित्रणाचा इतिहास बहुधा कॅमेऱ्यांचा, भिंगांचा आणि रसायनांचा म्हणून सांगितला जातो. दिवा ज्या दांड्यावर उभा राहिला, त्या दांड्याचा उल्लेख त्यात क्वचितच येतो. ‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते. वास्तविक मजबूत लाइट स्टँड कोणता आणि तो कसा ओळखावा, या प्रश्नाचे उत्तर त्या स्टँडच्या दीडशेहून अधिक वर्षांच्या घडणीतच दडलेले आहे. वाचकहो, हा धागा त्या घडणीविषयी.

२/१८
आरंभ काहीसा विलक्षण आहे. छायाचित्रकाराच्या खोलीत आलेला पहिला महत्त्वाचा स्टँड दिव्यासाठी नव्हताच. तो माणसासाठी होता. १८३९ साली दाग्युरोटाइपची पद्धत जाहीर झाली, तेव्हा एका चित्रासाठी कित्येक मिनिटे लागत. पुढे हा अवधी काही सेकंदांवर आला, तरी तेवढा वेळ मान निश्चल ठेवणे कठीणच होते. म्हणून बसणाऱ्याच्या पाठीमागे ओतीव लोखंडाच्या जड बैठकीचा एक दांडा उभा करीत आणि त्याच्या टोकाचा चिमटा मानेमागे टेकवीत.

३/१८
जुन्या चित्रांत उभ्या व्यक्तीच्या टाचांमागे कधी कधी या बैठकीचे पाय डोकावतात. त्यावरून ‘मृतदेह उभा करून फोटो काढीत’ अशी एक दंतकथा अलीकडे पसरली आहे. ती निराधार होय. तो चिमटा हलत्या मानेला स्थिर करण्यापुरता होता. निर्जीव शरीराचा भार पेलण्याची त्याची ताकद नव्हती. मात्र या साधनाने एक धडा घालून दिला : उंच दांडा स्थिर ठेवायचा असेल, तर वजन तळाशी हवे.

४/१८
हा धडा मराठी घराला नवा नव्हता. पितळी समई पाहावी. वरचे तेलाचे तबक लहान, मधला दांडा सडपातळ आणि खालची बैठक रुंद व जड. मुलाचा धक्का लागला तरी समई सहजी कलंडत नाही, कारण तिचा गुरुत्वमध्य खाली असतो. जेथे दिवा चालता हवा असे, तेथे स्टँडचे काम माणूस करी. दिवटी धरणारे दिवटे आणि वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारे मजूर हे प्रकाशाचे जिवंत आधारस्तंभच होते.

५/१८
एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रकाराला दिव्याचा स्टँड लागत नसे, कारण त्याचा दिवा आकाशात होता. काचेचे छत, उत्तरेकडे उघडणारी तावदाने आणि प्रकाश कमी-जास्त करणारे पडदे ही स्टुडिओची रचना. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे आरंभीचे भारतीय छायाचित्रकार याच सूर्यप्रकाशाच्या युगातले.

६/१८
सूर्य जेथे पोहोचत नाही तेथे काय करावे? १८६१ च्या सुमारास पॅरिसमध्ये नादार याने विजेचा आर्क दिवा भूमिगत अस्थिगृहांत नेला. बॅटऱ्यांचा संच अवजड आणि एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत अवधी. म्हणून कामगारांच्या जागी त्याने पुतळे उभे केले. १८६५ मध्ये पियाझी स्मिथ याने मॅग्नेशियम जाळून गिझाच्या महापिरॅमिडच्या अंतर्भागाची चित्रे घेतली. १८७७ साली लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर व्हान डर वायडे याचा विजेवर चालणारा स्टुडिओ सुरू झाला. प्रकाश आता माणसाच्या हाती आला होता. तो कोठे व कसा टेकवायचा, हा प्रश्न उरला होता.

७/१८
या प्रश्नाची किंमत किती असते, हे १८८७ नंतर दिसले. त्या वर्षी जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी फ्लॅश पावडर तयार केली. न्यूयॉर्कच्या अंधाऱ्या चाळींतले दारिद्र्य जगापुढे आणू पाहणाऱ्या जेकब रीस याने ती लगेच वापरली. प्रथम पिस्तुलासारख्या साधनातून, मग चक्क तळणीच्या तव्यावर! या खटाटोपात दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लागल्याचे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. हाती धरलेला दिवा धरणाऱ्यालाही सोडत नाही.

८/१८
स्टँडला खरे महत्त्व दिले ते चित्रपटाने. आरंभी चित्रपटही सूर्यावर अवलंबून होता. एडिसनचा १८९३ चा ‘ब्लॅक मारिया’ स्टुडिओ सूर्याच्या दिशेने फिरविता येई. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ही दिवसाच्या उजेडात साकारला. उघड्यावरच्या चित्रीकरणात मोठे परावर्तक फलक लागत. ते वाऱ्यात उभे ठेवायचे म्हणजे भक्कम पायांचा आधार हवा. हॉलिवूडमध्ये रूढ असलेल्या कथेनुसार, शंभर इंची परावर्तकाला ‘सेंच्युरी’ म्हणत आणि त्याच्या आधाराला ‘सेंच्युरी स्टँड’. आजचा ‘सी-स्टँड’ तो हाच.

९/१८
सी-स्टँडची रचना नीट पाहण्यासारखी आहे. त्याचे तीन पाय तीन वेगवेगळ्या उंचीवर जोडलेले असतात. त्यामुळे एकाचे पाय दुसऱ्याच्या पायांखाली सरकतात आणि अरुंद सेटवर पाच-सहा स्टँड खेटून उभे राहतात. पाय जमिनीलगत आडवे जात असल्याने ते टेबलाखाली किंवा पलंगाखाली ढकलता येतात. जिना असेल तर पाय वर-खाली सरकणारा प्रकार वापरतात. वर अडीच इंची पकड-चकती आणि चाळीस इंची आडवा दांडा. तिपाईसारख्या साध्या स्टँडला हे साधत नाही.

१०/१८
१९२७ साली हॉलिवूडमध्ये मोल-रिचर्डसन कंपनी स्थापन झाली. बोलपटाचे युग उंबरठ्यावर होते. कार्बन आर्कचा खरखराट ध्वनिमुद्रणात अडथळा ठरू लागला आणि टंगस्टनचे दिवे पुढे आले. ‘बेबी’ एक हजार वॅटचा, ‘ज्युनिअर’ दोन हजारांचा, ‘सीनिअर’ पाच हजारांचा. दिव्यांची ही नावे पुढे स्टँडच्या टोकालाही चिकटली : पाच-अष्टमांश इंची, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरची खुंटी ‘बेबी’, सव्वा इंचाला थोडी कमी, सुमारे २८ मिलिमीटरची खाच ‘ज्युनिअर’. आजही स्टँड विकत घेताना हीच दोन मापे पाहावी लागतात.

११/१८
मग दिवे हलके होऊ लागले. १९५९ साली टंगस्टन-हॅलोजन दिव्याचे पेटंट झाले. त्याच वर्षी अमेरिकेत रॉस लोवेल याने कापडी पट्टीला निराळा डिंक लावून ‘गॅफर टेप’ घडविली; तिच्या साहाय्याने छोटे दिवे भिंतीवर, दारावर, कपाटावर चिकटविता येत. एका अर्थाने स्टँडलाच रजा देण्याचा तो प्रयत्न होता. टेप जगभर गेली, परंतु स्टँड गेला नाही. भिंत हवी तेथे नसते. दिवा मात्र हवा तेथेच लागतो.

१२/१८
ही उणीव इटलीतील बासानो देल ग्राप्पा या गावच्या वृत्तछायाचित्रकाराने ओळखली. लिनो मानफ्रोत्तो यांना जाणवले की दिवे हलके झाले, स्टँड मात्र पूर्वीइतकेच बोजड राहिले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये स्वतःच स्टँड बनविण्यास सुरुवात केली. १९७२ साली तंत्रज्ञ जिल्बर्तो बातोक्क्यो यांची साथ लाभली आणि १९७४ मध्ये त्यांची पहिली कॅमेरा-तिवई बाजारात आली. घडीचा, ॲल्युमिनियमचा, एका हाताने उचलता येणारा स्टँड फिरत्या छायाचित्रकाराचा सोबती झाला.

१३/१८
येथून एक नवा धोका सुरू होतो. हलका स्टँड उचलायला सोपा, तसाच पडायलाही सोपा. आज गावोगावच्या लग्नांत उघड्या लॉनवर मोठी छत्री किंवा सॉफ्टबॉक्स लावलेला दिवा उभा असतो. खाली पाहुणे बसलेले, मुले धावत असलेली. छत्री म्हणजे व्यवहारात एक शीडच. वारा तिला किती ढकलतो, याचा हिशेब फार थोडे जण मांडतात. तो मांडून पाहू.

१४/१८
सॉफ्टबॉक्सचा व्यास १२० सेंटिमीटर धरू. क्षेत्रफळ सुमारे १.१३ चौरस मीटर. वारा ताशी १४ किलोमीटर, म्हणजे पाने हलविणारी झुळूक. तिचा धक्का ढोबळमानाने १.३ किलो वजनाइतका. दिवा अडीच मीटर उंचीवर असेल, तर उलथविणारे बळ १.३ × २.५ = सुमारे ३.३ किलो-मीटर. आता प्रतिकार पाहू. स्टँडचे पाय मध्यापासून ५० सेंटिमीटर पसरले असले, तरी दोन पायांना जोडणारी कड मध्यापासून २५ सेंटिमीटरवरच असते आणि स्टँड त्याच कडेवरून कलंडतो. दिव्यासह वजन १० किलो, म्हणून प्रतिकार १० × ०.२५ = २.५. स्टँड पडणार.

१५/१८
मध्याशी १० किलोची वाळूची पिशवी टांगली, की प्रतिकार ५ होतो आणि स्टँड तगतो. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर धक्का चौपट होतो : उलथविणारे बळ सुमारे १३. आता एक पिशवी पुरत नाही. दोन, तीनही नाहीत. उंची निम्मी केली तरी ते बळ साडेसहाच्या आसपास राहते. अशा वेळी सॉफ्टबॉक्स उतरवून उघडा दिवा वापरणे किंवा स्टँडला माणूस देणे हाच शहाणपणा. चित्रपटाच्या सेटवर अनुभवी लाइटमन वाळूच्या पिशव्यांबाबत इतके कडक का असतात, ते या आकड्यांवरून उमजावे.

१६/१८
तेव्हा निवड कशी करावी? पहिली कसोटी पायांच्या पसाऱ्याची. विक्रेता कमाल उंची सांगतो. खरेदीदाराने पायांचा घेर विचारावा. दुसरी कसोटी सर्वांत वरच्या नळीची. ती बोटाएवढी बारीक असेल, तर खालच्या नळ्यांचा जाडपणा फारसा उपयोगी पडत नाही. तिसरी भारक्षमतेची : छापील आकडा साधारणतः दांड्याच्या थेट वर ठेवलेल्या वजनाचा असतो, आडव्या दांड्यावर तो लागू पडत नाही. चौथी, ‘एअर कुशन’ म्हणजे मजबुती नव्हे. मूठ सैल झाल्यास दिवा धाडकन खाली येऊ नये, बोटे चिरडू नयेत, एवढ्यापुरतीच ती सोय. पोलाद स्टुडिओसाठी, ॲल्युमिनियम प्रवासासाठी, अशी ढोबळ विभागणी करता येईल.

१७/१८
चांगला स्टँडही चुकीच्या हाती पडला तर घात करतो. उंची वाढविताना जाड नळी आधी आणि सर्वांत बारीक नळी शेवटी उघडावी. आडवा दांडा नेहमी एका पायाच्या दिशेने काढावा, कारण त्या बाजूला आधार २५ नव्हे, तर पूर्ण ५० सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो. पकड-चकतीची मूठ अशा बाजूस असावी, की भार खाली सरकू लागताच ती आणखी आवळली जाईल. वाळूची पिशवी पायावर अधांतरी टांगावी. जमिनीला टेकलेल्या पिशवीचे वजन स्टँडला मिळत नाही, ते जमिनीला मिळते.

१८/१८
मानेमागच्या लोखंडी चिमट्यापासून घडीच्या ॲल्युमिनियम स्टँडपर्यंत दिवे बदलले, धातू बदलले, मापे बदलली. रुंद बैठक, तळाशी वजन आणि भाराखाली पाय ही तीन सूत्रे मात्र समईच्या काळापासून तीच आहेत. खरेदीच्या यादीत कॅमेरा व दिवा पहिले येतात आणि उरलेल्या पैशांत स्टँड येतो. तो क्रम बदलण्यास एवढे एकच कारण पुरेसे आहे : स्टँड पडतो तेव्हा त्याखाली बहुधा कोणीतरी बसलेले असते.

(समाप्त)