घरझडतीचा पुरावा आणि अपिलाचे भवितव्य : १८७८ ते २०२४

१८७८ च्या अफू कायद्याचे चौदावे कलम आणि १९८५ च्या गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाचे बेचाळिसावे कलम शेजारी ठेवून वाचली, तर दुसरे पहिल्यावरूनच बेतले आहे हे लपत नाही. दोन्हींत शिपायाहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला वॉरंटावाचून घरात शिरता येते. दोन्हींत त्यासाठी स्वतःची माहिती किंवा कोणी दिलेली व लिहून घेतलेली खबर असावी लागते. दोन्हींत हा अधिकार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा आहे. पुढील कायद्याने रात्रीच्या झडतीची सोय केली, पण तिची कारणे लिहून ठेवण्याची अट घातली. शब्द जवळजवळ तेच राहिले. त्यांच्या भंगाचा अपिलावर होणारा परिणाम मात्र पार पालटला. हा पालट कायदेमंडळात नव्हे, तर न्यायालयांच्या वाचनात झाला, आणि त्याचे मूळ शिक्षेच्या मुदतीत आहे.

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूर जिल्ह्यातून वेगळा निघाला. येथील आरोपीचा शेवटचा दरवाजा प्रथम नागपूरचे ज्युडिशियल कमिशनरचे न्यायालय, १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालय आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ असा बदलत गेला. मूळ कायदाही बदलत गेला. १९१५ च्या मध्य प्रांत अबकारी कायद्याखाली गांजा ही परवान्याने विकली जाणारी वस्तू होती. मर्यादेबाहेरचा साठा हा मुख्यतः सरकारी उत्पन्नाचा अपहार मानला जाई. १९३८ साली काँग्रेस मंत्रिमंडळाने मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी दारूबंदीचा कायदा केला. गांधीजी १९३४ पासून वर्ध्यास व १९३६ पासून सेगावास, म्हणजे पुढील सेवाग्रामास, राहत असल्यामुळे या जिल्ह्यात दारूबंदीला कायद्याहून निराळे वजन आले. १९५९ मध्ये १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा विदर्भास लागू झाला. त्याच्या कक्षेत दारूबरोबर गांजा व चरसही येत होते.

या कायद्याचे १०३ वे कलम विदर्भातील घरांच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. मादक पदार्थ, मोहाची फुले, गूळसाखरेची मळी किंवा दारू गाळण्याची भांडी यांच्या ताब्याचा समाधानकारक खुलासा आरोपीला करता आला नाही, तर गुन्हा घडला असे गृहीत धरावे, असे ते सांगते. मोह हे विदर्भाच्या रानातले झाड. त्याची फुले लोक खातात, वाळवून ठेवतात. जी वस्तू एका घरात खाण्याची, तीच दुसऱ्या घरात पुराव्याची ठरावी आणि दोहोंतील भेद आरोपीने सिद्ध करावा, अशी ही रचना होती. अशा स्थितीत झडतीत काय सापडले, कोठे सापडले व ते कोणी पाहिले, एवढ्यावरच सारा खटला उभा राहतो. अपिलातही वाद तेथेच घुटमळतो.

मग झडतीच बेकायदेशीर असेल तर? याचे जुने उत्तर आरोपीला अनुकूल नव्हते. पुरावा संबद्ध असेल तर तो कसा मिळविला हे गौण, ही इंग्रजी परंपरा; केनियातून आलेल्या कुरुमा खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९५४ साली ती पुन्हा सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ च्या राधाकिशन खटल्यात हीच वाट धरली. फौजदारी प्रक्रिया संहितेची १०३ व १६५ ही कलमे मोडून घरझडती झाली, तरी जप्ती निष्फळ होत नाही. घरमालक फार तर झडतीस विरोध करू शकेल आणि न्यायालय जप्तीचा पुरावा अधिक बारकाईने तपासील, असे त्या निवाड्याचे म्हणणे होते. यातील दुसरी सवलत खरी होती. पहिली मात्र पुस्तकातच शोभणारी. आर्वी तालुक्यातील एखाद्या शेतमजुराने दारात उभ्या असलेल्या फौजदारास संहितेचे कलम दाखवून परत पाठवावे, ही कल्पना करणेही कठीण आहे.

म्हणून वकिलांनी आपला सारा भर त्या दुसऱ्या सवलतीवर दिला. झडतीला त्याच वस्तीतील दोन प्रतिष्ठित रहिवासी हजर असावेत, असे १८९८ ची संहिता सांगत होती. १९७३ च्या संहितेने तसे कोणी मिळाले नाहीत किंवा तयार झाले नाहीत, तर अन्य वस्तीतील पंच चालतील अशी मोकळीक दिली. लहान गावात पंच हा आरोपीचा शेजारी, सोयरा नाही तर वैरी असतो. परगावचा आणला तर तो पोलिसांचा नेहमीचा साक्षीदार असल्याचा आरोप येतो. यांतून पंच फितूर होणे हा जवळजवळ रिवाजच होऊन बसला. त्याच्या जोडीला ताब्याचा प्रश्न येतो. एकत्र कुटुंबाच्या घरातील माळ्यावर सापडलेली पुडी कोणाची? घर आपल्या एकट्याच्या व जाणीवपूर्वक ताब्यात नव्हते, हा बचाव अनेक अपिलांत निर्णायक ठरला आहे.

१९८५ च्या कायद्याने तराजूच बदलला. त्याआधी १९३० च्या घातक औषधिद्रव्य कायद्याखाली पहिल्या गुन्ह्यास कमाल तीन वर्षांची कैद होती. आता अफू व चरस यांसाठी किमान दहा वर्षे व एक लाख रुपये दंड आला. गांजासाठी आरंभी पाच वर्षांची कमाल मर्यादा होती. २००१ च्या दुरुस्तीनंतर व्यापारी प्रमाणातील, म्हणजे वीस किलोहून अधिक, गांजालाही दहा वर्षांची किमान शिक्षा लागली. शिक्षा जितकी कठोर तितकी कार्यपद्धती काटेकोर, असे सूत्र न्यायालयांनी मग स्वीकारले. १९९४ च्या बलबीर सिंग निवाड्याने खबर लिहून घेणे व वरिष्ठाकडे पाठविणे बंधनकारक मानले. १९९९ च्या बलदेव सिंग निवाड्यात घटनापीठाने पन्नासाव्या कलमाचा भंग करून मिळालेली वस्तू ताब्याचा पुरावा म्हणून चालणार नाही, असे ठरविले. तथापि ते कलम अंगझडतीपुरते आहे, घरास लागू नाही. हा भेद न ओळखता केलेली अपिले फुकट गेली. घरझडतीसाठी आधार बेचाळिसाव्या कलमाचाच. २००९ च्या कर्नैल सिंग निवाड्यात दुसऱ्या घटनापीठाने त्याची धार थोडी बोथट केली : विलंबाचा समाधानकारक खुलासा असेल तर चालेल, पण अटीचे पालन मुळीच न करणे चालणार नाही.

अपील दाखल होणे आणि ते उपयोगी पडणे यांत मात्र अंतर होते. १९८९ मध्ये घातलेल्या ३२-अ कलमाने शिक्षा तहकूब करण्यास मनाई केली होती. उच्च न्यायालयात सुनावणी येईपर्यंत आरोपीची बरीचशी कैद भोगून होई, आणि झडतीतील दोष तेव्हा उघड झाला तरी गेलेली वर्षे परत येत नसत. महाराष्ट्रातून गेलेल्या दादू ऊर्फ तुळशीदास या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली अपील प्रलंबित असता शिक्षा तहकूब करण्याचा न्यायालयाचा अधिकार काढून घेणारा भाग घटनाबाह्य ठरविला. ३७ व्या कलमाच्या कडक अटी मात्र कायम राहिल्या. वर्ध्याच्या विशेष न्यायालयाने दिलेल्या शिक्षेवर नागपुरास अपील करणाऱ्याला आजही प्रथम याच अटींशी झगडावे लागते.

१ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करून ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्याकडे पाठविणे आवश्यक केले आहे. १९८५ च्या कायद्याच्या ५१ व्या कलमामुळे, विरोध नसेल तेथे, सामान्य संहितेच्या झडतीविषयक तरतुदी अमली पदार्थांच्या प्रकरणांनाही लागू होतात. तेव्हा पंचांच्या स्मरणशक्तीवर चालणारा वाद यापुढे चित्रण केव्हा सुरू झाले, दाराबाहेर की आत शिरल्यावर, या प्रश्नावर येऊन ठेपेल.