मोजक्या चॅनेलांतला भरीव नाद : चिपट्यून आणि ट्रॅकरची जडणघडण

१९८० च्या दशकातील घरगुती संगणकांत आणि व्हिडिओ गेमच्या यंत्रांत आवाज निर्माण करण्याचे काम एका छोट्या चिपकडे असे, आणि त्या चिपला एका वेळी जेमतेम तीन-चार स्वर वाजवता येत. या चिपसाठी रचलेल्या संगीताला पुढे चिपट्यून हे नाव मिळाले. एका वेळी एकच स्वर वाजवू शकणारा चिपमधील स्वतंत्र मार्ग म्हणजे चॅनेल. आणि सुरावट, साथ, खर्ज व ताल या चारही गरजा भागवायच्या तर असे चॅनेल नेहमीच अपुरे पडत. तरीही या यंत्रांतून दाट, भरलेला नाद निघाला, कारण संगीतकारांनी प्रत्येक चॅनेलचा वेळ सेकंदाच्या पन्नासाव्या भागापर्यंत बारीक वाटून घेण्याची विद्या घडवली. ही विद्या प्रथम प्रोग्रामरांच्या खासगी कोडमध्ये बंदिस्त होती. ट्रॅकर या प्रकारच्या सॉफ्टवेअरने ती कोणालाही वाचता येईल अशा तक्त्यात उतरवली. चिपट्यूनचा इतिहास हा मुख्यतः या स्थित्यंतराचा इतिहास आहे.

या घडणीचा पहिला महत्त्वाचा टप्पा म्हणजे १९८२ साली अमेरिकेत बाजारात आलेला कमोडोर ६४ हा संगणक आणि त्यातील सिड ही ध्वनिचिप. तिचा आराखडा रॉबर्ट यॅनेस यांनी केला होता. पुढे एन्सॉनिक ही सिंथेसायझर बनवणारी कंपनी स्थापन करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता, आणि संगीतवाद्याचा हा विचार सिडच्या रचनेतही स्पष्ट दिसतो. तिच्यात चॅनेल तीनच होते, परंतु प्रत्येकाला त्रिकोणी, करवती, चौकोनी आणि खरखर असे चार प्रकारचे तरंग काढता येत, स्वर उमटल्यापासून विरेपर्यंतचा चढउतार ठरवता येई, आणि नादातील ठरावीक कंप्रता गाळून टाकणारा फिल्टरही हाताशी असे. त्या काळातील इतर अनेक घरगुती संगणकांच्या आवाजाशी तुलना करता ही श्रीमंतीच होती, पण तीन चॅनेलांत सुरावट आणि खर्ज बसवल्यावर साथीच्या स्वरसंवादासाठी, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या तीन स्वरांसाठी, एकच चॅनेल शिल्लक राही, आणि तालवाद्यांना तर जागाच उरत नसे.

या अडचणीतून निघालेली सर्वांत प्रसिद्ध युक्ती म्हणजे द्रुत अर्पेजिओ. पाश्चात्त्य संगीतात स्वरसंवादातील स्वर एकत्र न वाजवता एकामागून एक वाजवण्याला अर्पेजिओ म्हणतात. चिपसंगीतात मात्र तो इतका वेगवान केला गेला की त्याचे स्वरूपच पालटले. युरोपातील दूरचित्रवाणीचे चित्र सेकंदाला ५० वेळा ताजे होत असे, आणि संगणकातील संगीताचा प्रोग्रामही साधारणपणे त्याच ठेक्याने, दर २० मिलिसेकंदांनी, एकदा चालवला जाई. प्रत्येक फेरीत एकाच चॅनेलचा स्वर बदलला, तर तीन स्वरांचे आवर्तन ६० मिलिसेकंदांत पूर्ण होते आणि सेकंदाला १६ हून अधिक वेळा फिरते. इतक्या वेगात कानाला तीन सुटे स्वर मोजता येत नाहीत. त्याला किंचित थरथरणारा एकच स्वरसंवाद ऐकू येतो. तानपुऱ्याच्या तारा एकापाठोपाठ एक छेडल्या जातात आणि तरीही त्यांचा नाद अखंड वाटतो, त्याच्याशी या अनुभवाचे नाते आहे. फरक इतकाच की तानपुऱ्यात आधीची तार वाजत राहिल्यामुळे नाद खरोखरच मिसळतो, तर चिपमध्ये आधीचा स्वर पूर्णपणे थांबलेला असतो आणि मिसळण्याचे काम श्रोत्याचा कान करतो. रॉब हबर्ड आणि मार्टिन गॉलवे या ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या संगीतकारांच्या रचनांतून हा थरथरता स्वरसंवाद कमोडोरच्या संगीताची ओळख बनला.

वेळेच्या याच वाटणीने तालाचाही प्रश्न सुटला. एखाद्या चॅनेलवर पहिल्या २० मिलिसेकंदांत खरखरीचा तरंग वाजवायचा, पुढच्या एक-दोन फेऱ्यांत चौकोनी तरंगाचा स्वर झपाट्याने खाली उतरवायचा आणि लगेच तेथे खर्जाचा स्वर सुरू करायचा, असे केले की श्रोत्याला ढोलाचा ठोका आणि खर्ज दोन्ही ऐकू येतात, जरी चॅनेल एकच खर्च झालेला असतो. चौकोनी तरंगाची रुंदी, म्हणजे एका आवर्तनात तरंग किती काळ वर आणि किती काळ खाली राहतो याचे प्रमाण, सतत हळूहळू बदलत ठेवणे हा दुसरा उपाय होता. त्यामुळे एकाच चॅनेलचा स्वर दोन वाद्ये जवळजवळ एकाच सुरात वाजावीत तसा घोटीव वाटे. हबर्ड यांच्या १९८५ सालच्या ‘मॉन्टी ऑन द रन’ या खेळाच्या संगीतात तीन चॅनेलांतून वाद्यवृंदाचा भास निर्माण होतो, तो अशा अनेक युक्त्या एकत्र आल्यामुळे.

काही उपाय तर चिपच्या दोषावर उभे होते. सिडच्या एकूण आवाजाची पातळी ठरवणाऱ्या नोंदीत ० ते १५ अशा १६ पायऱ्या होत्या, आणि ही पातळी बदलताना सुरुवातीच्या चिपमधून टकटक असा आवाज येई. हीच नोंद सेकंदाला हजारो वेळा बदलली की त्या टकटकीतून ध्वनिमुद्रित ढोलाचा किंवा मानवी आवाजाचा ओबडधोबड नमुना उभा राहतो, आणि तीन चॅनेलांच्या चिपला जणू चौथा चॅनेल मिळतो. गॉलवे यांनी १९८७ साली ‘आर्कनॉइड’ या खेळाच्या संगीतात ही युक्ती वापरली. पुढे चिपची सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा मूळ दोष बराचसा दूर झाला आणि त्यासोबत हा चौथा आवाजही क्षीण झाला. तांत्रिक सुधारणेने संगीताचे नुकसान केल्याचे हे ठळक उदाहरण होय.

या सर्व युक्त्या अमलात आणण्यासाठी संगीतकाराला स्वतःच प्रोग्रामर व्हावे लागे, कारण स्वर आणि तरंग यांचे आकडे थेट यंत्रभाषेत लिहावे लागत. ख्रिस ह्युल्सबेक या जर्मन संगीतकाराचा साउंडमॉनिटर हा प्रोग्राम १९८६ साली एका जर्मन संगणक-मासिकात प्रसिद्ध झाला आणि सामान्य वापरकर्त्यासाठी ही वाट काही प्रमाणात मोकळी झाली. निर्णायक वळण मात्र १९८७ साली आले, जेव्हा जर्मनीतीलच कार्स्टेन ओबार्स्की यांनी कमोडोरच्या अमिगा या संगणकासाठी अल्टिमेट साउंडट्रॅकर तयार केला. अमिगातील पॉला या चिपमध्ये चार चॅनेल होते आणि त्यांवर सॅम्पल, म्हणजे आधी मुद्रित करून ठेवलेले आवाजाचे तुकडे, वेगवेगळ्या उंचीवर वाजवता येत. ओबार्स्कींच्या प्रोग्रामने ‘ट्रॅकर’ या सबंध प्रकाराला नाव दिले, आणि त्याचा साचा घेऊन पुढे नॉइजट्रॅकर, प्रोट्रॅकर अशी अनेक सॉफ्टवेअर निघाली.

ट्रॅकरमध्ये संगीत डावीकडून उजवीकडे न लिहिता वरून खाली लिहिले जाते. पडद्यावर प्रत्येक चॅनेलचा एक उभा रकाना असतो, ६४ ओळींचा एक पॅटर्न होतो, आणि पॅटर्न कोणत्या क्रमाने वाजवायचे याची यादी म्हणजे संपूर्ण रचना. प्रोट्रॅकरमधील एका ओळीत ‘सी-२ ०१ ०४७’ असे लिहिलेले असेल, तर त्यातील पहिला भाग स्वर आणि सप्तक सांगतो, दुसरा सॅम्पलचा क्रमांक, आणि तिसरा त्या स्वरावर करायची क्रिया. येथे शून्य ही अर्पेजिओची आज्ञा आहे, तर ४ आणि ७ हे मूळ स्वरापासूनचे अर्धस्वरांचे अंतर. मूळ स्वर षड्ज मानला तर ४ म्हणजे शुद्ध गंधार आणि ७ म्हणजे पंचम. ‘०३७’ लिहिले की गंधार कोमल होतो आणि स्वरसंवादाचा भावच बदलतो. प्रोट्रॅकरच्या नेहमीच्या गतीत एक ओळ २० मिलिसेकंदांच्या सहा भागांत वाटलेली असते, त्यामुळे तीन स्वरांचे आवर्तन एका ओळीत दोनदा पूर्ण होते. जी करामत पूर्वी यंत्रभाषेच्या कित्येक ओळींत दडलेली असे, ती आता तीन आकड्यांत मावू लागली.

नाद भरीव करण्याच्या इतर रीतीही या तक्त्यात तितक्याच स्पष्ट दिसतात. प्रतिध्वनीसाठी पहिल्या चॅनेलवरील सुरावट दुसऱ्या चॅनेलवर तीन ओळी उशिरा पुन्हा लिहायची आणि तिला आवाजाची पातळी ठरवणारी ‘सी२०’ ही आज्ञा द्यायची. आकडे षोडशमान पद्धतीत, म्हणजे सोळाच्या पायावर, लिहिलेले असल्याने येथील २० म्हणजे नेहमीचे ३२, आणि आवाजाची कमाल पातळी ६४ असल्यामुळे प्रतिध्वनी निम्म्या पातळीवर वाजतो. अमिगाचे पहिले व चौथे चॅनेल डाव्या बाजूला आणि दुसरे व तिसरे उजव्या बाजूला जोडलेले असल्याने मूळ सुरावट एका कानात आणि तिची छाया दुसऱ्या कानात पडते, आणि मोकळ्या सभागृहाचा भास होतो. दुसरा चॅनेल मोकळा नसेल तर सुरावटीतील रिकाम्या ओळींतच आधीचे स्वर मंद करून पेरतात. दोन चॅनेल मोकळे असतील तर तोच स्वर दोन्हीकडे किंचित अंतराने लावतात: एक ४४० हर्ट्झवर आणि दुसरा ४४१ हर्ट्झवर वाजला की सेकंदाला एकदा आवाजात लाट येते, आणि पातळ स्वराला जाडी मिळते.

ट्रॅकरमधून तयार होणाऱ्या फाइलला मॉड्यूल म्हणत, आणि तिच्यात स्वरलिपी व सॅम्पल दोन्ही एकत्र असत. त्यामुळे ज्याने मॉड्यूल मिळवले त्याला ते ऐकता येई, उघडून प्रत्येक ओळ वाचता येई, आणि त्यातील युक्ती आपल्या रचनेत आजमावता येई. सॅम्पलच्या नावांसाठी राखलेल्या जागेत संगीतकार मित्रांना नमस्कार आणि निरोप लिहीत. संगीतशिक्षणाची अशी खुली परंपरा अन्यत्र सहजासहजी आढळत नाही. येथे उस्तादाची चीज शिष्याला ऐकून उचलावी लागली नाही, तिची संपूर्ण बांधणी त्याच्यासमोर उलगडलेली होती. संगणकीय करामतींचे प्रात्यक्षिक करणाऱ्या डेमोसीन या युरोपीय तरुणांच्या चळवळीत मॉड्यूल फ्लॉपीवरून हातोहात फिरले. तेथेच जागा वाचवण्यासाठी अगदी लहान तरंगांचे सॅम्पल वापरून, जुन्या चिपसारखा आवाज काढणारी, मोजक्या किलोबाइटची मॉड्यूल रचली जाऊ लागली, आणि १९९० च्या आसपास प्रथम त्यांनाच चिपट्यून म्हणण्याची रीत पडली.

जपानमधील गेमयंत्रांनी भरीव नादाकडे जाणारा वेगळा रस्ता धरला. १९८३ साली आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉममध्ये दोन चौकोनी तरंगांचे, एक त्रिकोणी तरंगाचा, एक खरखरीचा आणि एक सॅम्पलचा असे पाच चॅनेल होते. त्रिकोणी तरंगाची पातळी कमी-जास्त करण्याची सोय नसल्याने तो बहुधा खर्जासाठी राखला जाई. सनसॉफ्ट या कंपनीच्या संगीतकारांनी हा खर्जच सॅम्पलच्या चॅनेलवर हलवला, आणि १९९० च्या ‘जर्नी टू सिलियस’ या खेळात मोकळा झालेला त्रिकोणी तरंग तालवाद्याच्या कामाला लावला. त्या संगीताचा वजनदार खर्ज आजही वाखाणला जातो. कोनामी या कंपनीने तर खेळाच्या कार्ट्रिजमध्येच जादा ध्वनिचिप बसवली. १९८९ साली जपानमध्ये निघालेल्या ‘अकुमाजो देन्सेत्सु’ या खेळाला तिच्यामुळे आणखी दोन चौकोनी आणि एक करवती तरंग मिळाला. मात्र अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या यंत्रात कार्ट्रिजमधून आलेला आवाज मुख्य आवाजात मिसळण्याची जोडणी नव्हती, म्हणून त्या खेळाचे संगीत तेथे मूळ पाच चॅनेलांत पुन्हा बसवावे लागले. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ ऐकल्या की तीन जादा चॅनेलांनी काय साधते, आणि ते नसताना कसबी हात किती भरून काढतो, हे दोन्ही कळते.

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातील अनेक घरांत टीव्हीला जोडून खेळायची जी स्वस्त यंत्रे आली, त्यांतील बरीचशी याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. अशा काही नकली चिपमध्ये चौकोनी तरंगाच्या रुंदीची दोन प्रमाणे परस्परांत बदललेली असत, त्यामुळे स्वर तेच राहून त्यांचा पोत बदले. म्हणजे अनेक मराठी मुलांनी हे संगीत मूळ रचनाकाराला अभिप्रेत नसलेल्या आवाजात प्रथम ऐकले.

१९९४ च्या सुमारास पीसीवर स्क्रीम ट्रॅकर ३ आणि फास्टट्रॅकर २ यांनी ३२ चॅनेलपर्यंत मजल मारली, आणि चॅनेलांच्या टंचाईचा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या संपला. तरीही थोड्याच वर्षांत संगीतकार जुन्या यंत्रांकडे वळले. जर्मनीतील ओलिव्हर विट्चो यांचा नॅनोलूप आणि स्वीडनमधील योहान कोत्लिन्स्की यांचा लिटल साउंड डीजे या प्रोग्रामांनी १९८९ सालच्या गेम बॉय या खिशात मावणाऱ्या चार चॅनेलांच्या यंत्राचे वाद्य केले. यांपैकी दुसरा प्रोग्राम म्हणजे गेम बॉयच्या चिमुकल्या पडद्यावर मावणारा ट्रॅकरच होय. त्यात दोन गेम बॉय तारेने जोडून एकाच लयीत वाजवता येतात, आणि बाहेरच्या ध्वनियंत्रणेत आवाज स्वच्छ जावा म्हणून कित्येक कलाकार यंत्रातील अँप्लिफायर टाळून थेट चिपजवळून तार बाहेर काढतात. २००५ साली आलेल्या फॅमिट्रॅकरने हीच सोय फॅमिकॉमच्या चिपसाठी, कोनामीच्या जादा चिपसह, पीसीवर उपलब्ध करून दिली.

या परतीकडे केवळ बालपणाची ओढ म्हणून पाहणे अपुरे ठरते. मुबलक चॅनेल हाताशी असतानाही या संगीतकारांनी तीन-चार चॅनेल पत्करले, कारण भरीव नाद रचण्याची येथे घडलेली विद्या इतरत्र शिकता येत नव्हती: कोणत्या क्षणी कोणता स्वर सोडून द्यावा, खर्ज आणि ठोका यांनी एकच जागा कशी वाटून घ्यावी, आणि कानाकडून किती काम करून घ्यावे, याचा विचार चॅनेल मोजके असतानाच अटळ होतो. फिनलंडने २०२० साली डेमोसीनचा समावेश आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय सूचीत केला आणि पुढच्या वर्षी जर्मनीनेही तेच केले. आज कमोडोरच्या सिड-रचनांच्या एकाच मोठ्या संग्रहात ५०,००० हून अधिक रचना जतन केलेल्या आहेत. हा वारसा जिवंत राहिला तो मुख्यतः या संगीताच्या लिपीमुळे, कारण ट्रॅकरच्या तक्त्यात रचना आणि तिची युक्ती शेजारीशेजारी लिहिलेली असते, आणि तीस वर्षांपूर्वीचे मॉड्यूल आज उघडणारा विद्यार्थी ते ऐकता ऐकताच स्वतः तसे रचायला शिकू शकतो.