प्रशांत महासागरातील बेटांवरील अमेरिकी माजी सैनिकांची मानसिक आरोग्यसेवा

प्रशांत महासागरातील बेटांवरील अमेरिकी माजी सैनिकांची मानसिक आरोग्यसेवा या विषयात हवाई द्वीपसमूह, ग्वाम, उत्तर मारियाना द्वीपसमूह व अमेरिकन सामोआ या अमेरिकेच्या अखत्यारीतील बेटांवर, तसेच मायक्रोनेशियाची संघीय राज्ये, मार्शल द्वीपसमूह आणि पलाउ या अमेरिकेशी करारबद्ध असलेल्या स्वतंत्र देशांत परतलेल्या माजी सैनिकांसाठीच्या समुपदेशन, उपचार व पुनर्वसन व्यवस्थेचा समावेश होतो. या बेटांतून लोकसंख्येच्या मानाने मोठ्या संख्येने तरुण अमेरिकी सैन्यात दाखल होतात. सेवाकाळात त्यांना इतर सैनिकांप्रमाणेच वागवले जाते. मात्र सेवेनंतर मिळणारे उपचार बऱ्याच अंशी ते कोणत्या बेटावर परततात आणि त्या बेटाचा राजकीय दर्जा काय आहे, यावर अवलंबून राहिले आहेत. आघातोत्तर तणाव विकार म्हणजेच पीटीएसडी, नैराश्य, व्यसनाधीनता आणि आत्महत्येचा धोका हे या क्षेत्रातील प्रमुख प्रश्न आहेत.

भौगोलिक पार्श्वभूमी

या प्रदेशातील माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेचे मुख्य केंद्र हवाई राज्याची राजधानी होनोलुलू येथे आहे. होनोलुलूपासून ग्वाम सुमारे ६,१०० किलोमीटर दूर आहे. हे अंतर काश्मीर ते कन्याकुमारी या अंतराच्या जवळपास दुप्पट भरते. अमेरिकन सामोआची राजधानी पागो पागो होनोलुलूच्या दक्षिणेस सुमारे ४,२०० किलोमीटरवर आहे. ग्वामचे क्षेत्रफळ सुमारे ५४० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी आहे. २०२० च्या जनगणनेनुसार ग्वामची लोकसंख्या १,५३,८३६, अमेरिकन सामोआची ४९,७१० आणि उत्तर मारियाना द्वीपसमूहाची ४७,३२९ होती. इतक्या लहान लोकवस्तीत मनोविकारतज्ज्ञ, रुग्णालयातील मनोविकार विभाग आणि निवासी उपचार केंद्र या सर्व सोयी उभ्या करणे व टिकवणे अवघड जाते.

ग्वाम व होनोलुलू यांच्यामध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे आणि दोन्ही ठिकाणांच्या घड्याळांत २० तासांचा फरक आहे. ग्वाममध्ये सोमवारी सकाळचे ९ वाजलेले असताना होनोलुलूत रविवारी दुपारचा १ वाजलेला असतो, तर होनोलुलूतील शुक्रवारची दुपार ही ग्वाममधील शनिवारची सकाळ असते. त्यामुळे दोन्ही ठिकाणच्या कार्यालयांना समान असे आठवड्यातून चारच दिवस व त्या दिवसांतील काही तासच मिळतात. दूरस्थ समुपदेशनाच्या वेळा ठरवताना ही अडचण नेहमी लक्षात घ्यावी लागते.

सैन्यसेवेचा इतिहास

स्पेन-अमेरिका युद्धानंतर १८९८ मध्ये ग्वाम अमेरिकेच्या ताब्यात आले. डिसेंबर १९४१ ते १९४४ या काळात बेटावर जपानचा ताबा होता. त्या काळात मूळच्या चामोरो लोकांना सक्तीची मजुरी, छळछावण्या व हत्याकांडे सोसावी लागली. अमेरिकी सैन्य २१ जुलै १९४४ रोजी बेटावर उतरले. तो दिवस ग्वाममध्ये मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. बेटावरील सैन्यसेवेच्या परंपरेमागे या आठवणीचा वाटा मोठा असल्याचे मानले जाते. दुसरीकडे, बेटाची सुमारे एक चतुर्थांश जमीन अमेरिकी लष्कराकडे आहे आणि ती संपादन करताना झालेल्या अन्यायाची भावनाही समाजात आहे. १९५० च्या कायद्याने ग्वामच्या रहिवाशांना अमेरिकी नागरिकत्व मिळाले. तथापि बेटावर राहणाऱ्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मतदान करता येत नाही. अमेरिकन सामोआत जन्मलेले लोक कायद्याने अमेरिकेचे ‘राष्ट्रीय’ असतात, जन्मसिद्ध नागरिक नसतात. तरीही ते सैन्यात भरती होऊ शकतात.

मर्यादित रोजगार, शिक्षणासाठी मिळणारे साहाय्य, कौटुंबिक परंपरा आणि प्रतिष्ठा ही भरतीची प्रमुख कारणे सांगितली जातात. अमेरिकी राखीव सैन्याच्या ४४२ व्या पायदळ रेजिमेंटच्या १०० व्या बटालियनमध्ये हवाई, अमेरिकन सामोआ, ग्वाम व सायपान येथील तुकड्या आहेत. ही बटालियन २००५ मध्ये इराकमध्ये तैनात होती. ग्वाम नॅशनल गार्डची एक बटालियन २०१३ मध्ये अफगाणिस्तानात गेली. नियमित सैनिक मोहिमेनंतर साधारणतः लष्करी तळावर परततो. तेथे त्याच्यासोबत त्याचे सहकारी असतात आणि लष्करी रुग्णालयही जवळ असते. राखीव दलाचा सैनिक मात्र थोड्याच काळात आपल्या गावी, नागरी जीवनात परततो. या बेटांवर राखीव व गार्ड दलांचे प्रमाण मोठे असल्याने परतल्यानंतरच्या काळातील आधाराचा प्रश्न अधिक तीव्र होतो.

संशोधन

पीटीएसडी हे स्वतंत्र निदान १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत समाविष्ट झाले. १९८९ मध्ये माजी सैनिक खात्याने या विकारासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन केले आणि पुढे होनोलुलू येथे त्याची प्रशांत बेटांसाठीची शाखा सुरू झाली.

व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांच्या राष्ट्रीय पाहणीत हवाईचे मूळ रहिवासी व जपानी वंशाचे अमेरिकी सैनिक यांचा स्वतंत्र विचार झाला नव्हता. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकी संसदेच्या आदेशाने एक अभ्यास हाती घेण्यात आला. त्याला हवाईचे सिनेटर स्पार्क मात्सुनागा यांचे नाव देण्यात आले. मात्सुनागा हे स्वतः दुसऱ्या महायुद्धात लढलेले सैनिक होते. त्यांचे १९९० मध्ये निधन झाले. या अभ्यासात मूळ हवाईयन सैनिकांमध्ये पीटीएसडीचे प्रमाण जपानी वंशाच्या सैनिकांपेक्षा बरेच अधिक आढळले. प्रत्यक्ष लढाईचा अनुभव किती तीव्र होता, हा त्यामागील एक महत्त्वाचा घटक होता. ‘आशियाई व प्रशांत बेटवासी’ असा एकच गट धरल्यास खरे चित्र झाकले जाते, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

होनोलुलू येथील मानसशास्त्रज्ञ चाल्सा लू व त्यांच्या सहकाऱ्यांनी आशियाई वंशाच्या व्हिएतनाम सैनिकांनी सोसलेल्या वांशिक ताणाचे मोजमाप करणारी प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध केली. चेहरेपट्टीमुळे आपल्याच बाजूच्या सैनिकांकडून शत्रू समजले जाणे, अपमानास्पद वागणूक मिळणे अशा अनुभवांचा पीटीएसडीशी संबंध असल्याचे या संशोधनात आढळले. अशा रुग्णाला केवळ लढाईतील प्रसंगांविषयी विचारणे पुरेसे नसते, हा त्याचा व्यावहारिक अर्थ होता.

सेवेची रचना

रुग्णालयीन व बाह्यरुग्ण सेवा

होनोलुलू येथील स्पार्क मात्सुनागा वैद्यकीय केंद्र हे ट्रिपलर लष्करी रुग्णालयाच्या परिसरात आहे. माजी सैनिकांना दाखल करून घेऊन करावयाच्या उपचारांसाठी हे केंद्र प्रामुख्याने ट्रिपलर रुग्णालयावर अवलंबून असते. हवाई राज्यातील माउई, काउआई व हवाई या बेटांवर, तसेच ग्वाम, सायपान व अमेरिकन सामोआ येथे खात्याची बाह्यरुग्ण सेवा उपलब्ध आहे. अमेरिकन सामोआतील दवाखान्याला व्हिएतनाम युद्धात सेवा बजावलेले व पुढे अमेरिकी प्रतिनिधिगृहात बेटाचे प्रतिनिधित्व केलेले फालेओमावाएगा एनी हंकिन यांचे नाव देण्यात आले आहे. या बेटावर एकच सार्वजनिक रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या उपचारांसाठी रुग्णाला विमानाने होनोलुलूस जावे लागते आणि आठवड्यात मोजकीच विमाने असतात. पात्र रुग्णांना प्रवासखर्च मिळतो. परंतु मानसिक संकटाच्या वेळी कुटुंबापासून दूर जाण्याने रुग्णाचा नेहमीचा आधारच तुटतो.

समुपदेशन केंद्रे

अमेरिकी संसदेने १९७९ मध्ये व्हिएतनाम युद्धातील सैनिकांसाठी ‘व्हेट सेंटर’ नावाची समुपदेशन केंद्रे सुरू केली. ही केंद्रे रुग्णालयापासून वेगळी, वस्तीत असतात. त्यांतील अनेक कर्मचारी स्वतः माजी सैनिक असतात. केंद्रातील नोंदी सैनिकाच्या संमतीशिवाय इतरत्र दिल्या जात नाहीत. जिवाला धोका असल्यास किंवा कायद्याने आवश्यक असल्यास त्याला अपवाद केला जातो. हवाईतील प्रमुख बेटांबरोबरच ग्वाम व अमेरिकन सामोआ येथेही अशी केंद्रे आहेत. कुटुंबीयांचे समुपदेशन हा त्यांच्या कामाचा भाग आहे.

आपत्कालीन साहाय्य

२००७ पासून माजी सैनिकांसाठी राष्ट्रीय संकट-दूरध्वनी सेवा कार्यरत आहे. २०२० च्या एका कायद्यानुसार, आत्महत्येचा तातडीचा धोका असलेल्या पात्र माजी सैनिकाला खात्याच्या किंवा अन्य रुग्णालयात मोफत उपचार घेता येतात. ही तरतूद जानेवारी २०२३ पासून अमलात आली. खात्याचे स्वतःचे रुग्णालय नसलेल्या बेटांसाठी ही तरतूद विशेष महत्त्वाची आहे. तथापि स्थानिक रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ उपलब्ध असला तरच तिचा पूर्ण उपयोग होतो.

दूरस्थ मानसोपचार

चित्रवाणी-संवादाद्वारे उपचार देण्याच्या पद्धतीची पद्धतशीर चाचणी घेतलेल्या प्रदेशांपैकी हवाई हा एक होय. लेस्ली मोरलँड व सहकाऱ्यांनी पीटीएसडी असलेल्या १२५ पुरुष माजी सैनिकांवर केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रागावर नियंत्रण मिळवण्याचे गट-उपचार एका गटाला समोरासमोर, तर दुसऱ्याला पडद्यावरून देण्यात आले. रागाची लक्षणे कमी होण्याच्या बाबतीत पडद्यावरील उपचार समोरासमोरच्या उपचारांपेक्षा कमी प्रतीचे ठरले नाहीत. मात्र गटप्रमुखाशी जुळणारे नाते समोरासमोरच्या गटात अधिक दृढ असल्याचे दिसले. याच संशोधकांच्या २०१४ मधील अभ्यासात, आघाताविषयी मनात रुजलेल्या समजुती तपासून बदलणारी उपचारपद्धती वापरण्यात आली. तिच्याबाबतही दोन्ही प्रकारचे परिणाम तुल्य आढळले.

या अभ्यासांत माजी सैनिक आपल्या जवळच्या दवाखान्यात किंवा केंद्रात येत आणि उपचारक दुसऱ्या ठिकाणाहून बोलत. त्यामुळे रुग्णाची प्रकृती अचानक बिघडल्यास मदतीसाठी कर्मचारी जवळ असत. २०१८ च्या नियमाने खात्याच्या उपचारकांना राज्यांच्या सीमा ओलांडून रुग्णाच्या घरीही दूरस्थ सेवा देण्याची मुभा मिळाली. यातून प्रवास वाचतो. पण उपचारक हजारो किलोमीटर दूर असल्याने संकटात कोणाला बोलवायचे, याचे स्थानिक नियोजन आधीच करून ठेवावे लागते. वीज व इंटरनेट खंडित होणे हीही मोठी अडचण आहे. ऑक्टोबर २०१८ मधील युटू वादळाने सायपान व टिनियन बेटांची, तर मे २०२३ मधील मावार वादळाने ग्वामची वीज व दळणवळण यंत्रणा विस्कळीत केली. आधाराची गरज सर्वाधिक असते अशा वेळीच ही सेवा बंद पडू शकते.

समाज व संस्कृती

बेटांवरील विस्तारित कुटुंब हे माजी सैनिकाचे मोठे बळ असते. सामोआत ‘आइगा’ म्हणजे विस्तारित कुटुंब आणि ‘मताई’ म्हणजे कुटुंबप्रमुख यांना सामाजिक जीवनात मध्यवर्ती स्थान आहे. चामोरो समाजात परस्पर साहाय्य व सलोख्याच्या मूल्याला ‘इनाफामाओलेक’ म्हणतात. हवाईत कुटुंबातील तंटे एकत्र बसून मिटवण्याची ‘होओपोनोपोनो’ ही परंपरा आहे. चर्चचे धर्मोपदेशक व पारंपरिक वैद्य यांच्याकडेही लोक अडचणीत प्रथम जातात.

हीच जवळीक कधी अडथळा ठरते. लहान बेटावर कोण कोणत्या दवाखान्यात गेले हे लपून राहत नाही. स्वागतकक्षातील कर्मचारी रुग्णाचा नातेवाईक असू शकतो. कुटुंबाच्या नावाला बाधा येईल या भीतीने, तसेच सैनिकाने दुर्बलता दाखवू नये या समजुतीने, अनेक जण उपचार टाळतात. राखीव दलात असलेल्यांना नोकरीवर परिणाम होण्याची धास्ती असते. बाहेरचा उपचारक गोपनीयतेच्या दृष्टीने सोयीचा वाटतो, पण त्याला भाषा व रीतिरिवाज माहीत नसतात. त्यामुळे स्थानिक माजी सैनिकांना सहकारी-मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण देणे आणि कुटुंबाला उपचारांत सहभागी करून घेणे या उपायांवर भर दिला जातो.

करारबद्ध देशांतील माजी सैनिक

मायक्रोनेशियाची संघीय राज्ये व मार्शल द्वीपसमूह यांचा अमेरिकेशी मुक्त सहयोगाचा करार १९८६ मध्ये, तर पलाउचा १९९४ मध्ये अमलात आला. या देशांच्या नागरिकांना अमेरिकी सैन्यात स्वेच्छेने भरती होता येते. मात्र सेवेनंतर मायदेशी परतल्यावर ते कायद्याच्या दृष्टीने परदेशातील रहिवासी ठरत. अशांना प्रामुख्याने सेवेमुळे उद्भवल्याचे मान्य झालेल्या व्याधींच्याच उपचारांचा खर्च मिळू शकत असे. पीटीएसडी सेवेशी संबंधित असल्याचे सिद्ध करण्यासाठी तज्ज्ञाची तपासणी लागते, आणि तज्ज्ञ बेटावर नसतो. परिणामी अनेकांपुढे ग्वाम वा होनोलुलूला जाणे, कायमचे स्थलांतर करणे किंवा उपचारांविना राहणे हेच पर्याय उरत. कोस्राए बेटावरील सैनिकांच्या जीवनावरील ‘आयलंड सोल्जर’ या २०१७ च्या माहितीपटाने या प्रश्नाकडे लक्ष वेधले.

९ मार्च २०२४ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने हे करार २० वर्षांसाठी नव्याने लागू झाले. त्याच कायद्याने माजी सैनिक खात्याला या देशांत आरोग्यसेवा पुरवण्याचा अधिकार दिला. दूरस्थ उपचार, टपालाने औषधे व प्रवासखर्च या बाबींचा त्यात विचार आहे. प्रत्यक्ष सेवा मात्र संबंधित सरकारांशी होणाऱ्या समझोत्यांवर अवलंबून आहे.

टीका व मर्यादा

बेटांतून होणारी भरती आणि तेथील आरोग्यसेवेवर होणारा खर्च यांतील तफावतीवर स्थानिक लोकप्रतिनिधी व माजी सैनिक संघटनांनी वेळोवेळी टीका केली आहे. अमेरिकी सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील २०१४ च्या ‘आयलंड ऑफ वॉरियर्स’ या कार्यक्रमाचा विषय ग्वाममधील हीच तफावत होता. मतदानाचा पूर्ण अधिकार नसल्याने या प्रदेशांचा आवाज संसदेत क्षीण राहतो, असाही आक्षेप घेतला जातो. त्यांच्या प्रतिनिधींना सभागृहातील अंतिम मतदानात भाग घेता येत नाही.

सांख्यिकीय माहितीचीही अडचण आहे. १९९७ पर्यंत अमेरिकेच्या शासकीय वर्गीकरणात मूळ हवाईयन व प्रशांत बेटवासी आशियाई गटातच गणले जात. स्वतंत्र गट झाल्यानंतरही संख्या लहान असल्याने राष्ट्रीय अहवालांत प्रत्येक बेटाचे वेगळे चित्र उमटत नाही. उपलब्ध संशोधन मुख्यतः हवाईतील आहे. त्याचे निष्कर्ष एकच विमानतळ व एकच रुग्णालय असलेल्या बेटांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

हेही पाहा

ग्वाम
अमेरिकन सामोआ
मायक्रोनेशियाची संघीय राज्ये
व्हिएतनाम युद्ध
आघातोत्तर तणाव विकार
दूरवैद्यक